फिटच्या गोळ्या सोडून बी-६ घेऊ नका

“फिट येते कारण शरीरात बी-६ कमी असतं. जीवनसत्त्वांचा कोर्स करा, तीन महिन्यांत फिटच्या गोळ्या बंद. जीवनसत्त्वं नैसर्गिक, अपाय शून्य. डॉक्टर हे लपवतात.” असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यावर विसंबून कोणी गोळ्या थांबवल्या तर जिवावर बेतेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

“बी-६ कमी म्हणून फिट.” यात थोडं तथ्य आहे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. मेंदूच्या पेशींना आवर घालणारं ‘गाबा’ हे रसायन तयार व्हायला बी-६ लागतं. काही नवजात बाळांना फिट्स येतात, नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, बी-६ दिल्यावर मात्र थांबतात. या दुर्मीळ आजाराची पहिली नोंद १९५४ची. त्यामागचा मुख्य जनुकीय दोष २००६मध्ये सापडला. पण तिथेही बाळाच्या आहारात काही कमी नसतं. दोषामुळे शरीरात साचणारा पदार्थ बी-६ला निकामी करतो, म्हणून ते जन्मभर द्यावं लागतं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड प्रमाणाबाहेर पोटात गेलं, तर येणाऱ्या फिट्सवरही बी-६ हाच उतारा. बाकी बहुतेकांची मिरगी वेगळी. डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूतली गाठ, कधी कारणच सापडत नाही. मेंदूतला जुना व्रण बी-६ने कसा भरून येणार?

“डॉक्टर लपवतात.” औषधांनी न थांबणाऱ्या नवजाताच्या फिट्सवर बी-६ देऊन पाहतात ते डॉक्टरच.

“अपाय शून्य.” हे साफ खोटं. बी-६ मोठ्या मात्रेत बरेच महिने घेतलं तर नसा दुखावतात. पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. त्याहून घातक गोष्ट अशी की, बी-६ किंवा फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेने फेनिटॉइन या फिटवरच्या औषधाची रक्तातली पातळी उतरू शकते. म्हणजे गोळी नेमाने घेऊनही फिट येऊ शकते.

“तीन महिन्यांत गोळ्या बंद.” मिरगीत जीवनसत्त्वांच्या वापरावरचे प्रयोग कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या २००५च्या आढाव्यात तपासले गेले, सर्वांना सरसकट ती द्यावीत, असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. उलट गोळ्या अचानक तोडल्या तर एकामागून एक फिट्स येऊ शकतात. पाच मिनिटांत न थांबणारी फिट ही तातडीने रुग्णालय गाठायची वेळ.

जीवनसत्त्वांना उपचारात जागा आहे, पण गोळ्यांच्या जोडीला. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं डी जीवनसत्त्व घटून हाडं ठिसूळ होऊ शकतात. मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड हवं. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. गोळ्या बंद करण्याचा विचारही साधारण दोन वर्षं फिट न आल्यावर होतो, तोही तपासून, हळूहळू कमी करत.

तो फिरणारा मजकूर वाचून कोणी गोळ्या आधीच थांबवल्या असतील, तर आजच डॉक्टरांशी बोला. राहून गेलेले डोस एकदम घेऊ नका.