पक्क्या लायसन्सनंतरचे पहिले सहा महिने

तरुण चालकाच्या हातून मोठा अपघात झाला की दोन-चार दिवस त्याच मागण्या ऐकू येतात. लायसन्सचं वय वाढवा, परीक्षा कडक करा, दंड वाढवा. त्यामागचा संताप मला कळतो. पण घरातल्या मुलांना शिकवताना शेजारच्या सीटवर बसून, आणि या विषयावर हाती लागेल ते वाचून, माझं मत आता पक्कं झालंय. नव्या चालकाला एका दिवसात, एका परीक्षेच्या जोरावर, अख्खं लायसन्स देऊ नये. ते टप्प्याटप्प्याने द्यावं, आणि सगळ्यात जास्त लक्ष पक्कं लायसन्स हातात पडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांवर असावं.

कारण सांगते. शिकाऊ चालकांचे अपघात फार कमी होतात. पहिल्यांदा हे वाचलं की पटत नाही, कारण गाडी सगळ्यात वाईट चालवली जाते ती शिकतानाच. क्लच सोडताना गाडी बंद पडते, गिअर चुकतो, वळणावर हातात हात अडकतात. तरीही मोठं काही घडत नाही. शेजारी जाणता माणूस असतो, वेग कमी असतो, रस्ता आणि वेळ निवडून घेतलेली असते. मग पक्कं लायसन्स मिळतं, शेजारची सीट रिकामी होते आणि अपघातांचा आलेख एकदम उसळी घेतो. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात नव्या चालकांच्या अपघातांचा महिन्यागणिक अभ्यास झाला होता. एकट्याने चालवायच्या पहिल्या महिन्यात अपघात सर्वाधिक, आणि त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत झपाट्याने उतार, असं त्यात दिसलं. एवढ्या काळात वय कितीसं वाढणार? वाढतो तो अनुभव.

हा अनुभव म्हणजे नेमकं काय, ते शेजारी बसलं की दिसतं. समोरून येणारी वाहनं ओलांडून वळायचंय. मुलगी थांबलीये, इंडिकेटर चालू आहे, समोरून एक गाडी येतेय. आपल्याला एका नजरेत कळतं की ही गाडी वेगात आहे, हिला जाऊ द्यावं. मुलीला गाडी दिसते, पण तिचा वेग जोखता येत नाही. ती फक्त अंतर बघते. लांब आहे, म्हणजे जाता येईल. तेवढ्यात मागच्याने हॉर्न दिला की तिचा पाय क्लचवरून सुटायला लागतो. अशा वेळी आपण नुसतं ‘थांब’ म्हटलं तरी पुरतं. पण ते म्हणायला तिथे कुणीतरी हवं. नजरेचंही तसंच. नवशिक्याची नजर बॉनेटपुढच्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेली असते, आरशाकडे क्वचित जाते. थांबलेल्या बसच्या पुढून कुणी धावत येऊ शकतं, ही शंका आपल्या मनात बस दिसताच येते. त्याच्या मनात ती माणूस दिसल्यावर येते, आणि तोवर ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो.

ब्रिटनने २००२ मध्ये लायसन्सच्या परीक्षेत धोका ओळखण्याची चाचणी आणली. पडद्यावर रस्त्यावरच्या प्रसंगांच्या १४ फिती दाखवतात आणि धोका आकाराला येतोय असं वाटताच उमेदवाराने क्लिक करायचं असतं. जितकं लवकर ओळखाल तितके गुण जास्त. गाडी रिव्हर्समध्ये नीट लावून दाखवण्यापेक्षा मला ही चाचणी कितीतरी महत्त्वाची वाटते. तरी तीही पडद्यावरचीच. खऱ्या रस्त्यावरचे तास तिच्याने भरून निघत नाहीत.

त्या तासांविषयी स्वीडनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९९३ मध्ये तिथे शिकायला सुरुवात करायचं वय साडेसतरावरून १६ वर आणलं. लायसन्सचं वय मात्र १८ च ठेवलं. म्हणजे मुलांना मोठ्यांच्या शेजारी बसून सराव करायला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. ज्यांनी ही मुभा घेऊन भरपूर सराव केला, त्यांचे लायसन्सनंतरचे अपघात लक्षणीयरीत्या कमी निघाले. वय वाढवा म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं. शिकायचं वय कमी केलं आणि अपघात कमी झाले, कारण मधला सगळा काळ शेजारी कुणीतरी होतं. जर्मनीत १७ व्या वर्षी लायसन्स मिळतं, पण १८ पूर्ण होईपर्यंत ठरलेल्या सोबत्याशिवाय चालवता येत नाही. तो सोबती किमान ३० वर्षांचा हवा आणि त्याच्याकडे सलग ५ वर्षं लायसन्स असायला हवं. वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दलचे दंडगुण साठलेला माणूस सोबती म्हणून चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तासांच्या सरावाची नोंद दाखवावी लागते आणि त्यात रात्रीचे तासही लागतात.

१२० तास! आणि आपण काही तासांच्या क्लासवर समाधान मानतो.

इथे कुणीतरी म्हणतं, मग चांगला कोर्स लावा, घसरणारी गाडी सावरायला शिकवा, इमर्जन्सी ब्रेक शिकवा. ऐकायला छान वाटतं. पण नॉर्वेत नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे तसल्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढल्याचं आढळलं. कौशल्य थोडं वाढलं आणि आत्मविश्वास त्याहून जास्त वाढला, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि मला तो पटतो. वीस वर्षांच्या मुलाला ‘तुला घसरलेली गाडी सावरता येते’ असं प्रमाणपत्र देणं म्हणजे त्याला निसरड्या रस्त्यावर वेग वाढवायची परवानगी दिल्यासारखं आहे.

टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची पद्धत देशभर पहिल्यांदा आणली न्यूझीलंडने, १९८७ मध्ये. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मधल्या टप्प्यात एकट्याने गाडी चालवता येते, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत नाही, आणि घरच्या जवळच्या माणसांचे काही अपवाद सोडले तर कुणाला बसवूनही नाही. शेजारी अनुभवी चालक असेल तर दोन्हीला मुभा. कॅनडातल्या ओंटारिओने १९९४ मध्ये आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडाने १९९६ मध्ये आपापल्या पद्धती आणल्या आणि मग अमेरिकेतल्या बाकीच्या राज्यांतही ही कल्पना पसरली. तपशील वेगळे असले तरी जवळजवळ सगळीकडे भर दोनच गोष्टींवर आहे, रात्र आणि दोस्त.

रात्रीचं लगेच पटतं. दिसतं कमी, झोप येते, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. दोस्तांचं मात्र लोकांना पटत नाही. चार जण गाडीत असले तर उलट जपून चालवेल ना, असं म्हणतात. मोठी माणसं शेजारी असली तर तसं होतंही. समवयस्क असले की गाडीतली हवाच बदलते. मागे तिघं, पुढे एक. गाणं मोठ्याने लागलेलं. कुणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे नाचवतं, ‘हे बघ, हे बघ’. समोर एक संथ ट्रक आहे. मागून आवाज येतो, ‘अरे काढ ना, जातीये आरामात.’ ते म्हणणाऱ्याला समोरचा रस्ता नीट दिसतही नसतो. पण चालवणाऱ्याने आता ट्रकच्या मागे राहायचं म्हणजे चौघांसमोर भित्रा ठरायचं. तो गिअर टाकतो. १६-१७ वर्षांच्या चालकांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात गाडीतल्या प्रवाशांची संख्या वाढेल तसा चालकाच्या मृत्यूचा धोका वाढत गेलेला दिसतो. सगळ्या नियमांतून मला एकच निवडायला सांगितला तर मी हा निवडेन, पहिले सहा महिने समवयस्क प्रवासी नकोत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये याचं मवाळ रूप आहे. नव्या चालकाचं वय २५ च्या आत असेल तर पहिल्या टप्प्यात रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत २१ वर्षांखालचा एकच प्रवासी चालतो. मला ते अपुरं वाटतं, पण ‘काहीच नाही’पेक्षा खूप बरं.

दारूबद्दल फार बोलायलाच नको. जर्मनीत २००७ पासून नव्या चालकांना आणि २१ वर्षांखालच्यांना दारूची मर्यादा शून्य आहे. बाकी देशांनीही तेच करावं, यात वादाचा मुद्दा काय आहे ते मला कळत नाही.

दुचाकीचं वेगळं सांगायला हवं, कारण चारचाकीच्या चर्चेत ती हरवते आणि तरुण तर आधी दुचाकीवरच बसतात. युरोपीय संघात २०१३ पासून मोटरसायकलच्या लायसन्सलाही पायऱ्या आहेत. आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॉट ताकदीपर्यंत, आणि सर्वांत ताकदवान गाडी दोन वर्षांच्या अनुभवानंतर, नाहीतर थेट २४ व्या वर्षी. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मुख्य फरक गिअरची आणि बिनगिअरची एवढाच. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची, आणि १८ पूर्ण झाले की शिकाऊ लायसन्सनंतर ३० दिवसांनी परीक्षा देऊन गिअरची कुठलीही, कितीही ताकदीची. त्याच कायद्यात मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनासाठी मात्र आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स असावं अशी अट आहे. म्हणजे आधी अनुभव आणि मग पुढचा परवाना, हे तत्त्व कायद्याला परकं नाही. ते अठरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या जबरदस्त मोटरसायकललाही लावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आक्षेपांकडे येते. सगळ्यात खरा आक्षेप कामावर जाणाऱ्या मुलांचा आहे. रात्रपाळी करणाऱ्या, घरात दुसरं कुणी चालवणारं नसलेल्या, शेतावरून पहाटे माल न्यायचा असलेल्या मुलाला रात्रीची बंदी जाचक ठरते. त्याला कामापुरती सूट द्यायला हवी, आणि अनेक ठिकाणी ती मिळतेही. कामावरून एकटा परतणारा मुलगा आणि मध्यरात्री गाडीभर दोस्त घेऊन निघालेला मुलगा यांच्यात कायद्याला फरक करता येतो.

दुसरा आक्षेप अभ्यासातूनच आलेला आहे आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हे टप्पे १८ व्या वर्षी संपतात. २०११ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असं दिसलं की कडक नियमांच्या राज्यांत १६ वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात कमी झाले, पण १८ वर्षांच्या चालकांचे वाढले. एक शक्यता अशी की काही मुलं नियमांतून सुटायला १८ पर्यंत थांबतात आणि मग सराव न करताच थेट पूर्ण लायसन्स घेतात. यावरून पद्धतच चुकीची आहे असं मला वाटत नाही. टप्पे वयाला बांधले ही चूक आहे. ओंटारिओमध्ये नवा चालक कुठल्याही वयाचा असो, टप्प्यांतून जावंच लागतं. पन्नाशीत गाडी शिकणाऱ्याचाही एकट्याने चालवायचा पहिला महिना पहिलाच असतो. तेव्हा टप्पे अनुभवाला बांधावेत, आणि वय कमी असेल तर दोस्तांची आणि रात्रीची अट वरून लावावी.

तिसरा आक्षेप नेहमीचा, हे बघणार कोण? एक तर गाडीवर खूण लावता येते. जपानमध्ये १९७२ पासून नव्या चालकाने वर्षभर हिरव्या-पिवळ्या पानाची खूण लावायची असते, आणि तशा गाडीच्या पुढे विनाकारण घुसणं हा बाकीच्यांचा गुन्हा ठरतो. नियम नवशिक्यावर आणि संरक्षणही त्यालाच, हे मला फार आवडतं. दुसरं, लायसन्स परत जाण्याची भीती खरी हवी. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांत ६ दंडगुण झाले की लायसन्स रद्द होतं आणि पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागते. श्रीमंत घरातल्या मुलाला दंडाची रक्कम लागत नाही, पुन्हा ‘एल’ची पाटी लावणं लागतं.

पण अशा नियमांची अंमलबजावणी मुख्यतः घरात होते. मुलगा म्हणतो, सगळ्यांना त्यांचे आईबाबा गाडी देतात. त्यावर ‘मला भीती वाटते’ हे उत्तर टिकत नाही. ‘कायदाच तसा आहे’ हे टिकतं. मुलालाही त्याचा आधार होतो. ‘माझं लायसन्स जाईल रे, तुम्ही तिघं दुसऱ्या गाडीने या’ असं म्हणताना त्याला भित्रं ठरावं लागत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. या वर्षी ज्यांच्या घरात कुणाला पक्कं लायसन्स मिळणार आहे, त्यांनी परीक्षा पास झाली म्हणून शेजारची सीट सोडू नका. रात्रीचा पहिला प्रवास, पावसातला पहिला, हायवेवरचा पहिला, हे तुम्ही शेजारी असताना होऊ द्यात. आणि दोस्तांना घेऊन जायची परवानगी सहा महिन्यांनी द्या, त्याआधी कितीही रुसवे-फुगवे झाले तरी.