‘द कंट्री गर्ल्स’ वाचून थांबू नका

(पुढे शेवट सांगितला आहे. वाचायची असेल तर इथूनच परत जा.)

आयरिश लेखिका एडना ओब्रायन यांच्या ‘द कंट्री गर्ल्स’ या कादंबरीचा विषय निघाला की बोलणं बंदीपाशी येऊन थांबतं. १९६० साली कादंबरी आली आणि आयर्लंडच्या सेन्सॉर मंडळाने ती तिथे विकायला मनाई केली. २०२४मध्ये ओब्रायन गेल्या, तेव्हाही हेच पुन्हा निघालं. त्यामुळे बरेचजण हे एक पुस्तक वाचतात आणि हीच गोष्ट पुढे नेणारी दोन पुस्तकं उघडतही नाहीत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पहिल्याच पानावर कॅथलीन दचकून जागी होते. छाती धडधडतेय, का ते क्षणभर कळत नाही. मग आठवतं, वडील रात्री घरी आलेले नाहीत. दारुड्या बापाच्या घरातली भीती इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेली नाही. पुढे आई पाण्यात बुडून जाते, कॉन्व्हेंटमधून हकालपट्टी होते आणि मैत्रीण बाबाबरोबर ती डब्लिनला येते. (बाबा म्हणजे ब्रिजेट. मराठी कानाला सवय व्हायला थोडी पानं लागतात.) कॅथलीन हळवी, बाबा तोंडाळ, आगाऊ, कधी कधी दुष्टसुद्धा. पहिल्या दोन्ही पुस्तकांत सांगणारी कॅथलीनच, म्हणून बाबाचा आपल्याला रागच येत राहतो.

१९६४च्या तिसऱ्या पुस्तकात ओब्रायन यांनी तो ‘मी’ बाबाला देऊन टाकला. कॅथलीन आता केट झालीय, लंडनमध्ये तिचा संसार मोडतोय, नवरा मुलाला घेऊन दूर निघून जातो. आणि हे सगळं ‘ती’, ‘तिला’ असं बाहेरून सांगितलेलं. दोन पुस्तकं जिच्या डोळ्यांनी जग पाहिलं, तिचा आवाजच गेलेला असतो. तिच्या एकटेपणाचं कितीही वर्णन केलं असतं तरी ते इतकं लागलं नसतं. उलट बाबाचं शिवराळ बोलणं ऐकता ऐकता तिची माया दिसायला लागते.

१९८६मध्ये तिन्ही पुस्तकं एकत्र निघाली, तेव्हा ओब्रायन यांनी उपसंहार जोडला. वॉटर्लू स्टेशनवर बाबा उभी आहे, केटची शवपेटी घेऊन येणाऱ्या गाडीची वाट पाहत. केटही आईसारखी पाण्यातच गेली.

ते वाचून मी पुन्हा पहिलं पुस्तक काढलं. आई गेल्यावर कॅथलीनला आसरा मिळतो, ते घर बाबाचंच आहे.