बर्फातला मुका बंदूकबाज

स्पगेटी वेस्टर्न, म्हणजे इटलीत बनलेले अमेरिकी बंदूकबाजांचे चित्रपट, म्हटले की बहुतेकांना सर्जिओ लिओनी आणि क्लिंट ईस्टवूड आठवतात आणि विषय तिथेच संपतो. त्याच काळात इटलीत सर्जिओ कोर्बुची नावाचा दुसरा दिग्दर्शक वेस्टर्न काढत होता, आणि त्याचा १९६८ सालचा ‘द ग्रेट सायलेन्स’ मला लिओनीच्या उत्तम चित्रपटांच्या तोडीचा वाटतो. त्याच्या शेवटाबद्दल लिहिल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. तेव्हा ज्यांना तो कोरा पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.

पहिल्याच दृश्यात वेस्टर्नची ओळखीची धूळ आणि ऊन नाहीत. पांढऱ्याशुभ्र माळावरून एकटा स्वार येतो आहे आणि त्याचा घोडा बर्फात रुतत, धडपडत पाऊल उचलतो आहे. कथा १८९८-९९ च्या हिवाळ्यातली, अमेरिकेतल्या युटामधली. चित्रीकरण मात्र बरेचसे इटलीच्या डोलोमाइट पर्वतांत झाले. उपासमारीमुळे चोरीकडे वळलेली माणसे डोंगरात लपली आहेत, त्यांच्या डोक्यावर सरकारी बक्षिसे आहेत, आणि त्या बक्षिसांवर जगणारा लोको त्यांना टिपून त्यांची प्रेते बर्फात पुरून ठेवतो आहे. कणगीत धान्य साठवावे तशी ही प्रेते. पुढे तो ती उकरून काढतो, प्रवासी घोडागाडीच्या टपावर चढवतो आणि हिशेबाच्या पैशांसाठी गावात नेतो. क्लाऊस किन्स्कीने हा लोको इतक्या शांतपणे, जवळजवळ अदबीने उभा केला आहे की त्याचा आवाज चढण्याची वाट पाहत आपणच अस्वस्थ होतो.

त्याच्यासमोर उभा राहणारा सायलेन्स मुका आहे. लहानपणी आईवडिलांच्या खुनाची साक्ष देता येऊ नये म्हणून मारेकऱ्यांनी त्याचा गळा चिरलेला असतो. ज्यां-लुई त्रँतिन्यांला त्यामुळे संपूर्ण चित्रपटात एकही संवाद नाही. सगळी भूमिका त्याने डोळ्यांवर पेलली आहे. सायलेन्सची रीत ठरलेली आहे: समोरच्याला डिवचायचे, त्याला आधी पिस्तूल काढू द्यायचे आणि मग आपल्या माऊझर पिस्तुलाने त्याला आडवे करायचे, म्हणजे कायद्याच्या लेखी तो स्वसंरक्षण ठरतो. लोकोला ही रीत कळलेली आहे. सायलेन्स डिवचायला येतो तेव्हा तो पिस्तुलाला हात न लावता त्याला बुक्क्यांनी मारतो. माझ्या मते चित्रपटाचा गाभा या प्रसंगात आहे. नायक ज्या कायद्याच्या आडोशाने लढतो, त्याच कायद्याने खलनायकालाही खुनाचा परवाना दिलेला आहे, आणि तो परवाना वापरण्यात खलनायक अधिक तरबेज आहे.

नवऱ्याच्या खुनाचा सूड घेण्यासाठी सायलेन्सला बोलावणारी कृष्णवर्णीय विधवा पॉलीन व्होनेटा मॅगीने केली आहे. या दोघांमधले प्रेम कोर्बुचीने कसल्याही अवडंबराविना, बरोबरीच्या दोन माणसांचे प्रेम म्हणून दाखवले, आणि १९६८ साली ही लहान गोष्ट नव्हती. एन्नियो मोरिकोनेचे संगीत तर स्वतंत्र पोस्टचा विषय आहे. त्याची उदास, हळुवार धून मला कित्येक दिवस सोडत नव्हती.

आता शेवट. हात जायबंदी झालेला सायलेन्स, लोकोने ओलीस धरलेल्या त्या डोंगरातल्या माणसांना वाचवायला जातो आणि मारला जातो. त्याचे पिस्तूल उचलणारी पॉलीन मारली जाते. मग बांधून ठेवलेले ओलीसही मारले जातात, आणि लोको हे सगळे कायद्याला धरूनच झाल्याचे सांगतो. मॅल्कम एक्स आणि चे गेव्हारा यांच्या हत्यांचा कोर्बुचीच्या मनावर परिणाम झाला होता, हे समजल्यावर मला या शेवटाचा कठोरपणा अधिक पटला. सुखान्त असलेला एक पर्यायी शेवटही चित्रित झाला होता, ज्यात मदत वेळेवर पोहोचते. तो पाहिल्यावर तर मूळ शेवटाबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही, कारण ज्या गावात प्रेताला भाव आहे तिथे मदत वेळेवर येणे मला खरे वाटले नाही. मूळ चित्रपटात लोको वाकून पॉलीनच्या हातातले माऊझर काढून घेतो आणि साथीदारांसह घोड्यावरून निघून जातो.