‘स्वीकृत’ म्हणजे ‘झालं’ नव्हे

सॉफ्टवेअरच्या रचनेचे मोठे निर्णय लिहून ठेवायची पद्धत आता जळगावातल्या आमच्यासारख्या पाच-सहा जणांच्या कंपन्यांतही आली आहे. एका निर्णयाला एक छोटी फाइल, कोडच्या शेजारीच. तिला एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे रचनेच्या निर्णयाची नोंद) म्हणतात. तिच्यासोबत एक सल्लाही फिरतोय: ‘निर्णय स्वीकृत झाला की फाइल गोठवा. अमलात आला की नाही याचा हिशोब ठेवत बसू नका. त्याला तिकिटं (एकेका कामाच्या नोंदी, काम झालं की बंद होणाऱ्या) आहेत, आणि खरं काय ते कोड सांगतोच.’ याच सल्ल्यापायी आमचा एक कापसाचा हंगाम नासला, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गोठवा’ हे अर्धं मला मान्य आहे. निर्णय का घेतला, तेव्हा काय माहीत होतं, ते मागाहून खोडू नये. पण मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअर अभियंत्याने २०११ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हाच साच्यात ‘स्थिती’चा रकाना होता, आणि तो पुढे बदलणार हे धरलेलंच होतं: आधी प्रस्तावित, मग स्वीकृत, पुढे कालबाह्य किंवा दुसऱ्या निर्णयाने बाद. ‘अमलात आला’ अशी स्थिती मात्र त्यात नाही. स्वीकृत म्हणजे ‘आम्ही हो म्हणालो’, एवढंच. खरेदीखत झालं म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं असं आपल्याकडे कुणी मानत नाही. फेरफार धरावा लागतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यात खरेदीखताचा शब्दही बदलत नाही. पुढचा प्रवास गाव नमुना ६ मध्ये, वेगळा. तसंच इथेही करता येतं.

आता तिकिटं. आम्ही जिनिंगवाल्यांसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर लिहितो. निर्णय क्रमांक ७ होता: वजन सगळीकडे ग्रॅममध्ये, पूर्ण संख्येत साठवायचं, क्विंटल फक्त पडद्यावर आणि पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या हिशोबाच्या कागदावर. कारण साधं. संगणकाचं अपूर्णांकांचं नेहमीचं गणित द्विमान पद्धतीने चालतं, त्यात ०.१ देखील नेमकं बसत नाही, आणि अशा वजनाला भावाने गुणलं की पैशांत फरक पडू शकतो. तिकिटं तीन काढली: काटा, खातं, साठा. तिन्ही बंद झाली, बोर्ड हिरवा. पट्टी छापणारा भाग जुना, तो कुणाला आठवलाच नाही, म्हणून त्याचं तिकीटच नव्हतं. ऐन हंगामात दिवाणजींचा फोन: ‘भाऊ, पट्टी आणि खातं एका रुपयाने भांडतंय. समोर शेतकरी उभा आहे, त्याला काय सांगू?’ रुपयाची गोष्ट नव्हती. ज्या काट्यावर आधीच कुणाचा विश्वास नसतो, तिथे कागदावर दोन आकडे दिसले की संपलं.

तिकीट विचारतं, ‘हे काम झालं का?’ निर्णय विचारतो, ‘आता कुठे उरलं?’ आणि काही निर्णय तर कधी ‘होत’च नाहीत. ‘पडद्याच्या कोडने थेट डेटाबेसला हात लावायचा नाही’ हा निर्णय पाळायचा असतो, रोज. त्याचं तिकीट कोणत्या तारखेला बंद करणार?

‘कोड सांगतोच’ हा मुद्दा ऐकायला सगळ्यात भारदस्त, आणि तोच सगळ्यात पोकळ. कोड काय आहे ते सांगतो, काय असायला हवं होतं ते नाही. आमच्याकडे नवा आलेला मुलगा हुशार होता. त्याला वजनाच्या दोन्ही तऱ्हा दिसल्या, आणि ज्या फाइलमध्ये काम होतं तिथलीच त्याने उचलली. ती नेमकी जुनी. त्याची काय चूक? जुन्या पद्धतीतून नव्यात जाताना अर्धवट राहिलेलं स्थलांतर आणि मुद्दाम ठेवलेले दोन पर्याय, कोडमध्ये सारखेच दिसतात.

मात्र कोडलाच प्रश्न विचारता येतो, हे खरं. ई-पीक पाहणीत बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढावा लागतो, घरबसल्या ‘कापूस लावला’ म्हणून भागत नाही. तसं दर बदलाबरोबर आपोआप चालणारी चाचणी लिहायची. जावा या भाषेत आर्कयुनिट नावाचं साधन याच कामाचं आहे: कोडच्या अमुक थराने तमुक थराला हात लावला की बिल्ड लाल, म्हणजे बदल नापास.

राहिलं ‘कागदपत्रं वाढतात’. वाढतात, एका ओळीने. शेजारच्या यादीत आम्ही लिहितो: ‘७ – अंशतः – पट्टी बाकी – कोण, कधी तपासलं’. टक्के लिहित नाही. ‘७० टक्के झालं’ यातून कुणालाच काही कळत नाही, काय बाकी आहे ते लिहिलं की कळतं. महिन्यातून एकदा चहाबरोबर ती यादी वाचतो, वीस मिनिटं लागतात.

सातव्या निर्णयापुढे आता ‘पूर्ण’ आहे, चाचणीच्या नावासकट. अकराव्यापुढे दोन वर्षं ‘अंशतः’ आहे. तो भाग जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशी बोलतो, आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही हेही आम्ही तिथेच लिहून ठेवलंय.