बॉम्ब पडत होते तेव्हा त्या बायका तिथेच होत्या

गेले दोन आठवडे वाचनवेड्या लोकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, मला तो चार जणांनी पाठवला, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: महायुद्धातल्या लंडनवर हल्ली ज्या कादंबऱ्या येतात, ज्यात वरनं बॉम्ब पडतायत आणि एक तरुण पत्रकार मुलगी वही घेऊन ढिगाऱ्यातनं हिंडतेय, तो सगळा बनाव आहे. तेव्हा बायका पत्रकारितेत नव्हत्याच, असल्या तर पाककृती आणि फॅशन लिहायच्या. धोक्याच्या जागी त्यांना कोणी जाऊ दिलं नसतं. सेन्सॉर असल्यामुळे खरं छापणं शक्यच नव्हतं. लंडनचे लोक शांत आणि धीराचे होते, त्यांना रडताना आणि चोऱ्या करताना दाखवणं म्हणजे बदनामी. आणि शेवटी, आपल्या मराठी माणसाला याचं काय पडलंय.

एकेक घेऊ.

बायका नव्हत्याच म्हणे. 1939 च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात क्लेअर हॉलिंगवर्थ नावाची 27 वर्षांची मुलगी पोलंडमध्ये काटोवित्सला होती, डेली टेलिग्राफमध्ये लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. ब्रिटिश वकिलातीची गाडी मागून घेतली आणि सीमा ओलांडून जर्मनीत गेली. परत येताना रस्त्याच्या कडेने लावलेले गोणपाटाचे पडदे वाऱ्याने उडाले आणि खाली दरीत रांगेने उभे असलेले रणगाडे दिसले. 29 ऑगस्टला बातमी छापून आली, तीन दिवसांनी युद्ध सुरू झालं. 1 सप्टेंबरला युद्ध सुरू झालंय यावर वॉर्सातल्या ब्रिटिश वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा विश्वास बसेना, तेव्हा तिने फोनचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरला, ऐका म्हणाली.

आता यातली महत्त्वाची गोष्ट: त्या बातमीवर तिचं नावच नव्हतं. मी स्वतः मराठी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत, रात्रपाळीसकट, आणि किती बायकांची कॉपी ‘विशेष प्रतिनिधी’ म्हणून माझ्या हाताखालनं गेली ते मला माहितीये. जुना पेपर उघडून ‘कुठेय बाईचं नाव’ विचारणाऱ्याला नाव सापडणार नाहीच, पण बातमी तर तिचीच असते ना.

आणि ज्यांची नावं छापली गेली त्याही काही कमी नाहीत. मॉली पँटर-डाउन्स अख्खं युद्धभर न्यूयॉर्करला लंडनहून पत्रं लिहीत होती. हेलन किर्कपॅट्रिक शिकागो डेली न्यूजसाठी ब्लिट्झ, म्हणजे ब्रिटिश शहरांवरचे जर्मन बॉम्बहल्ले, कव्हर करत होती. सप्टेंबर 1940 च्या सुरुवातीच्या एका भयंकर रात्रीनंतर तिने लिहिलं की लंडन अजून उभं आहे हेच सगळ्यात मोठं आश्चर्य. 7 सप्टेंबरपासून सलग 57 रात्री बॉम्ब पडले, तेव्हाही ती तिथेच होती. या पेपरने आधी तिला सांगितलं होतं की आमच्याकडे बायकांना घेत नाहीत. ती म्हणाली, मी माझं बाईपण बदलू शकत नाही, तुम्ही तुमचं धोरण बदलू शकता. घेतली त्यांनी.

फॅशनचं म्हणाल तर ली मिलर फॅशनच्याच मासिकाची, व्होगची. 1944 ला फ्रान्समधल्या सँ-मालो शहराचा वेढा तिने आत राहून टिपला, नंतर नाझींच्या दाखाऊ छावणीतले फोटो काढले आणि छावण्यांचे तिचे फोटो त्याच मासिकात छापून आले. आणि पाककृतीच्या पानाला तुच्छ लेखणाऱ्यांनी रेशनिंगचा विचार करावा, अंडी, लोणी, साखर मोजून मिळत असताना घर चालवायचं कसं ही युद्धाचीच बातमी होती.

दुसरा मुद्दा, धोक्याच्या जागी जाऊ दिलं नसतं. हा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवतो. ब्रिटिश सैन्य बायकांना युद्धवार्ताहर म्हणून मान्यता देत नव्हतं, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीने तर हॉलिंगवर्थला उत्तर आफ्रिकेतनं परत कैरोला पाठवलं, मग ती अमेरिकन सैन्याबरोबर गेली. अमेरिकन पत्रकार मार्था गेलहॉर्न, दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलं तेव्हा, हॉस्पिटलच्या जहाजावर बाथरूममध्ये लपून बसली आणि स्ट्रेचर उचलणाऱ्यांबरोबर किनाऱ्यावर उतरली. म्हणजे मनाई होती हे खरं, पण त्या गेल्या हेही खरं. आणि लंडनात तर मनाई करणार तरी कोण? आघाडीच घरावर येऊन पडली होती. ब्लिट्झमध्ये ब्रिटनमधले 40,000 हून जास्त नागरिक मेले, त्यातले जवळपास निम्मे लंडनचे. 29 डिसेंबर 1940 च्या रात्री फ्लीट स्ट्रीटवरचं, म्हणजे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांच्या रस्त्यावरचं, सेंट ब्राइड्स, पत्रकारांचं चर्च म्हणतात ते, जळून नुसत्या भिंती उरल्या. त्या रस्त्यावर कामाला येणाऱ्या बाईला आघाडीवर जायचा परवाना लागत नव्हता.

सेन्सॉरचा मुद्दा मात्र मला मनापासून बोलायचाय. हो, सेन्सॉर होता. माहिती मंत्रालय सेनेट हाउसमध्ये बसायचं, कॉपी तिकडे दाखवायची, शहराचं नाव काढून ‘वायव्येकडचं एक शहर’ असं छापायचं. कुठल्या कादंबरीत नायिका दुसऱ्या दिवशी जागेच्या नावासकट भांडाफोड छापून आणत असेल तर ते चूकच, तिथे मी मेसेजवाल्यांच्या बाजूने आहे. पण म्हणून गोष्टच खोटी? 3 मार्च 1943 ला बेथनल ग्रीन ट्यूब स्टेशनात काय झालं बघा. भोंगा झाला, लोक खाली निघाले, जवळच्या बागेतनं नवीन विमानविरोधी रॉकेटं उडाली, तो आवाज ओळखीचा नव्हता म्हणून मागचे लोटले. जिना ओला, उजेड एका मिणमिणत्या दिव्याचा, मधे धरायला कठडा नाही. खालच्या पायऱ्यांवर एक बाई पडली, तिच्यावर दुसरं कोणी, आणि काही सेकंदांत शेकडो माणसं त्या अरुंद जागेत अडकली. 173 मेले, त्यात 62 मुलं. त्या जागी एकही बॉम्ब पडला नव्हता. पेपरात आलं, पण जागेचं नाव न घेता, आणि चौकशीचा अहवाल लोकांपुढे आला थेट 1945 ला. आता विचार करा, तिथेच राहणारी एक बातमीदार, तिला नावं माहितीयेत, जिना माहितीये, आणि लिहिता येत नाहीये. कादंबरी लिहायची ती याच्यावरच ना! सेन्सॉर आहे म्हणून तिची घालमेल आहे, ती काही लेखकाने वरनं चिकटवलेली नाही.

शांत आणि धीराचे लोक हे चित्र कुठनं आलं तेही सांगते. तो लाल पोस्टर, शांत राहा आणि काम चालू ठेवा, जो आता कपांवर आणि टीशर्टांवर दिसतो, तो 1939 ला साधारण साडेचोवीस लाख छापला आणि जवळजवळ कुठेच लावला नाही, 2000 साली इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात खोक्यात सापडला म्हणून आपल्याला माहीत झाला. 14 नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यानंतर कॉव्हेंट्री शहरात मास ऑब्झर्व्हेशन या सामान्य लोकांचं जगणं नोंदवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी रस्त्यात रडणारी, थरथरणारी, बेशुद्ध पडणारी माणसं नोंदवली. 8 मार्च 1941 ला लंडनच्या कॅफे द पारी या नाइटक्लबात बॉम्ब पडून 30 हून जास्त माणसं गेली आणि मेलेल्यांच्या बोटांतल्या अंगठ्या चोरल्या गेल्या. त्याच शहरात लोक रात्रभर ढिगारे उपसतही होते. दोन्ही लिहायला हवं. घाबरलेला माणूस दाखवला तर त्याचा धीर कमी होत नाही हो, घाबरूनही दुसऱ्या दिवशी कामावर गेला तोच तर धीर.

राहिला आपल्याला काय पडलंय हा प्रश्न. वेणू चितळे हे नाव मेसेज लिहिणाऱ्यांनी ऐकलेलं दिसत नाही. कोल्हापूरकडची मुलगी, शिकायला इंग्लंडला गेली, 1940 ला बीबीसीत लागली. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला ब्रॉडकास्टिंग हाउसवर बॉम्ब पडून सात माणसं मेली, नऊच्या बातम्या चालू असताना स्फोट झाला आणि निवेदक पुढे वाचत राहिला. वेणूताई याच बीबीसीत लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर ईस्टर्न सर्व्हिसमध्ये, म्हणजे भारताकडे कार्यक्रम पाठवणाऱ्या विभागात, काम करत होत्या, इंग्रजीत बोलायच्या आणि मराठीतही. 1942 चा एक फोटो आहे, मायक्रोफोनभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, युना मार्सन बसलेत, मागे ऑर्वेल उभा आहे, आणि एका टोकाला वेणू चितळे. नंतर 1950 मध्ये त्यांची स्वतःची इंग्रजी कादंबरी आली. बॉम्ब झेलणाऱ्या लंडनमधनं मराठीत बोलणारी ही बाई, तिच्यावर मराठीत कादंबरी कोणी लिहायला घेतली असेल तर मला सांगा, मी आजच पैसे भरून ठेवते.