‘पबजी अस्सल, बाकी सगळी नक्कल’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेले काही दिवस पुण्यातल्या महाविद्यालयीन मुलांच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक लांबलचक मजकूर पुढे पाठवला जात आहे. माझ्याकडे तो कोथरूडला राहणाऱ्या माझ्या पुतण्याकडून आला. त्यातले दावे थोडक्यात असे : बॅटल रॉयल (एका मैदानात सगळे उतरून शेवटचा एक जण उरेपर्यंत लढतात तो) हा खेळप्रकार पबजीने जन्माला घातला, फोर्टनाइट आणि फ्री फायर या त्याच्या नकला आहेत, डाउनलोडचे आकडे पाहिले की पबजीच जगात पहिला ठरतो, २०२० च्या बंदीने तो भारतात संपला, आणि भारतीयांनी या प्रकारात स्वतःचे काहीही केलेले नाही. मी पबजी अनेक वर्षे खेळलो आहे आणि तो माझा आवडता खेळ आहे. त्याच्या नावाने चुकीचा इतिहास सांगितला जावा, हे मला म्हणूनच अधिक खटकते.

पहिला दावा मुळातच चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे पबजीचे पूर्ण नावच सांगते. ‘प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ यातील ‘प्लेअरअननोन’ हे ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाचे टोपणनाव. ग्रीन ब्राझीलमध्ये राहत असताना, २०१३ मध्ये, त्यांनी ‘आर्मा २’ या लष्करी खेळावर उभ्या असलेल्या ‘डे-झी’ या मॉडमध्ये (मूळ खेळात चाहत्यांनी बदल करून बनवलेल्या आवृत्तीत) फेरफार करून स्वतःचा बॅटल रॉयल तयार केला. त्यामागची प्रेरणा २००० सालच्या ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटाची होती आणि या प्रकाराला नाव मिळाले तेही तिथूनच. त्यांच्याही आधी, २०१२ च्या सुमारास, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळाच्या सर्व्हरवर शेवटचा एक जण उरेपर्यंत लढण्याचे सामने ‘हंगर गेम्स’ या नावाने रंगत होतेच. पुढे ग्रीन यांनी ‘आर्मा ३’ साठी हाच खेळ पुन्हा बांधला, ‘एच१झेड१’ या अमेरिकी खेळाला सल्लागार म्हणून मदत केली, आणि त्यानंतर दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने त्यांना बोलावून घेतले. पबजी संगणकावर लोकांच्या हाती आला तो २३ मार्च २०१७ रोजी, म्हणजे या प्रकाराची किमान चार-पाच वर्षांची घडण झाल्यावर. पबजीचे श्रेय वेगळे आहे आणि ते मोठे आहे : आठ किलोमीटर लांब-रुंद एरँगल हे मैदान, शंभर खेळाडू, बंदुकीचा खराखुरा वाटणारा झटका आणि पावलांच्या आवाजावरून शत्रूचा अंदाज घेण्याची ती धडधड यांच्या जोरावर त्याने मॉड खेळणाऱ्या मोजक्या लोकांचा हा छंद जगभर पोहोचवला.

नकलेच्या दाव्यात फोर्टनाइटपुरते अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. एपिक गेम्सने २५ जुलै २०१७ रोजी आणलेला फोर्टनाइट हा राक्षसांपासून किल्ला वाचवण्याचा सहकारी खेळ होता. पबजीचे यश पाहून त्यांनी सुमारे दोन महिन्यांत बॅटल रॉयल विभाग उभा केला आणि २६ सप्टेंबरला तो फुकट खुला केला. ब्लूहोलने त्याच्या चार दिवस आधीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. पबजी ज्या अनरिअल इंजिनवर (खेळ बनवण्याच्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालतो ते एपिकचेच असल्याने त्यांची अस्वस्थता समजण्यासारखी होती. पुढे कोरियात खटला दाखल झाला, तो जून २०१८ मध्ये मागेही घेतला गेला. पण खेळताना काय घडते ते पाहा. पबजीत गोळी लागली की आपण झाड, दगड किंवा भिंत शोधतो. फोर्टनाइटमध्ये त्याच क्षणी लाकडाची भिंत आणि तिला लागून उतार आपणच उभा करतो आणि तीन सेकंदांत शत्रूच्या डोक्यावर असतो. हे कौशल्य पबजीत कधीच लागत नाही.

फ्री फायरच्या बाबतीत तर तारखाच दावा खोडून काढतात. व्हिएतनाममध्ये घडलेला आणि सिंगापूरच्या गरेनाने आणलेला हा खेळ २०१७ संपण्यापूर्वीच फोनवर आला होता. पबजी मोबाइल, म्हणजे पबजीची फोनवरची आवृत्ती, जगभर खुला झाला तो मार्च २०१८ मध्ये. संगणकावरील पबजीचा प्रभाव फ्री फायरवर आहे, आणि पबजीच्या मालक क्राफ्टन कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत गरेनाविरुद्ध दावाही लावला. तरीही ‘पबजी मोबाइलची गरिबांसाठी काढलेली नक्कल’ हे मजकुरातले वर्णन कालक्रमातच बसत नाही. त्यातला ‘गरिबांसाठी’ हा शब्द तर मला फार लागला. पुतण्याचा पहिला फोन दोन जीबी रॅमचा होता आणि त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा गेलेला होता. पबजी सुरू केला की विमानातून उडी मारल्यावर घरे दिसायच्या आत चित्र अडकायचे, आणि ते पुन्हा हलेपर्यंत हा मरून लॉबीत, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यावर, परतलेला असायचा. “काका, पबजीत फोन तापतो नि हँग होतो. फ्री फायरमध्ये निदान धड लँड तरी होता येतं,” असे तो मला म्हणाला होता. पन्नास खेळाडू, साधारण दहा मिनिटांचा सामना, फेकताच आडोसा देणारी ग्लू वॉल आणि प्रत्येक पात्राची वेगळी क्षमता हे सगळे लहान फोनवर नीट चालावे म्हणून विचारपूर्वक केलेले निर्णय आहेत. मजकूर लिहिणाऱ्याने त्यालाच हिणकस ठरवले आहे.

नंतर आलेल्यांनी या प्रकारात भरही घातली. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी आधी कसलीही जाहिरात न करता आलेल्या एपेक्स लेजंड्सने एका बटणावर साथीदाराला शत्रू किंवा वस्तू दाखवण्याची पिंगची सोय आणि मेलेल्या साथीदाराला परत आणण्याची पद्धत रुळवली. काही आठवड्यांतच फोर्टनाइटनेही दोन्ही उचलल्या. उचलणे हीच नक्कल म्हणायची, तर तो आरोप एच१झेड१ नंतर आलेल्या पबजीवरही करावा लागेल.

आता आकडे. मजकुरात पबजी मोबाइलचे शंभर कोटी डाउनलोड दिले आहेत, आणि चीन वगळता मार्च २०२१ पर्यंतचा तो आकडा खरा आहे. मात्र त्याच्या शेजारी ठेवलेला फोर्टनाइटचा ३५ कोटींचा आकडा मे २०२० मधील नोंदणीकृत खात्यांचा आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत दर्शन घेतलेल्या माणसांची बेरीज आणि मंडळाच्या वहीत नाव नोंदवलेल्यांची संख्या शेजारी मांडून कोणते मंडळ मोठे हे ठरवता येत नाही. संगणकावर, स्टीम या खेळविक्रीच्या मंचावर, जानेवारी २०१८ मध्ये एकाच क्षणी ३२ लाखांहून अधिक लोक पबजी खेळत होते. फ्री फायरने २०२१ च्या दुसऱ्या तिमाहीत दिवसाला १५ कोटींहून अधिक खेळाडूंचा उच्चांक गाठला. आणि फोर्टनाइटमध्ये, तो आल्यानंतर सहा वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात ४ कोटी ४७ लाख लोक खेळले. हे तीन वेगवेगळे विक्रम आहेत. त्यांची एक शिडी होत नाही.

बंदीचा मुद्दा लवकर आटोपतो. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲप्समध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, हे खरे. पण जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये वेळेच्या मर्यादांसह पुन्हा आला. फ्री फायरवरही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तेव्हा खेळाडू त्याच खेळाच्या फ्री फायर मॅक्स या आवृत्तीकडे वळले.

राहिला शेवटचा दावा, आणि तो पुण्यात बसून केलेला पाहून मला वाईट वाटले. सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याची आहे. तिने घडवलेला ‘इंडस’ हा बॅटल रॉयल ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आला. तो पबजीइतका मोठा झालेला नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. पण शेवटचा उरलेला जिंकतो हा नियम वरच्या खेळांनी जसाच्या तसा ठेवलेला असताना, इंडसने त्याच्या जोडीला दुसरा मार्ग दिला : सामन्याच्या अखेरीस प्रकट होणारे ‘कॉस्मियम’ हे काल्पनिक मौल्यवान द्रव्य ताब्यात घेतले, तर मैदानात शत्रू जिवंत असतानाही सामना जिंकता येतो.