खुलासा: टर्पिनने रॉबिन्सनला नॉकआउट केलं नव्हतं

“रँडॉल्फ टर्पिनने 1951 मध्ये शुगर रे रॉबिन्सनला नॉकआउट केलं आणि तो अनेक वर्षं जगज्जेता राहिला” असा या दोन बॉक्सरबद्दल (टर्पिन ब्रिटनचा, रॉबिन्सन अमेरिकेचा) मेसेज फिरतोय. यात लढत आणि विजय खरा, बाकी सगळं चुकीचं.

10 जुलै 1951 ला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये पूर्ण 15 फेऱ्या झाल्या. तेव्हा ब्रिटनमध्ये गुण देणारे वेगळे पंच नसत, रिंगमधला रेफरीच निकाल द्यायचा. शेवटची घंटा होताच यूजीन हेंडरसन यांनी टर्पिनचा हात वर केला. म्हणजे हा गुणांवरचा विजय.

गोंधळ बहुधा परतीच्या लढतीमुळे होतो. 12 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर दहाव्या फेरीत रॉबिन्सनची भुवई फुटली. रक्तामुळे लढत थांबेल या धास्तीने त्याने सगळं पणाला लावलं, टर्पिनला खाली पाडलं, आणि तो उठल्यावर दोरांशी गाठून इतके ठोसे मारले की रेफरी रूबी गोल्डस्टीन मध्ये पडले. फेरी संपायला जेमतेम काही सेकंद उरले होते. हे टीकेओ, म्हणजे रेफरीने लढत थांबवून दिलेला निकाल, तेही टर्पिनच्या विरुद्ध! किताब त्याच्याकडे 64 दिवसच राहिला.

नोंदीत ‘केओ’ म्हणजे नॉकआउट, दहा आकडे मोजून बाद; ‘टीकेओ’ त्याहून वेगळा. रॉबिन्सन कारकिर्दीत एकदाच वेळेआधी हरला: 1952 मध्ये जोई मॅक्सिमविरुद्ध, तोही उकाड्याने गळून. टर्पिनचा खरा पराक्रम कमी नाही, त्याला खोट्या नॉकआउटची गरज नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ग्रुपवर आला तर हा खुलासा खाली टाका.